पाळकसाहेब मागच्या सीटवर

"बाई, डोळे उघडा! अहो, समोर बस आहे!"

ओरडतच मी ब्रेक दाबला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. म्हणून मी आज हे लिहायला शिल्लक आहे.

गाडी थांबल्यावर साळवेबाईंनी डोळे उघडले. "बघा सर, प्रभूनं वाचवलं."

"बाई, ब्रेक मी दाबला."

"तुम्हाला बुद्धी कोणी दिली?"

आम्ही बिबवेवाडीच्या भर चौकात उभे होतो. मागून हॉर्न वाजत होते.

साळवेबाई एकसष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. क्लच, गिअर, आरसे, सगळं तोंडपाठ. फक्त समोर मोठी गाडी दिसली की घाबरून डोळे मिटायच्या आणि प्रार्थना सुरू. त्यापायी लायसन्सच्या टेस्टला एकदा नापासही झाल्या होत्या.

"घरच्या गाडीला ड्रायव्हर ठेवा ना," मी म्हणालो.

"तिघांना विचारलं. रविवारी सकाळी एकही उगवला नाही."

रविवार महत्त्वाचा होता. त्यांच्या मिस्टरांना अर्धांगवायू झाला होता. पाय वाकत नसल्यामुळे रिक्षात बसता येईना. आठ महिने चर्च सुटलं होतं, आणि हळूहळू त्यांनी घरात बोलणंही सोडलं होतं. "तिथं गेले तर उभारी धरतील," एवढीच बाईंची आशा. त्यांना 'शिकणं सोडा' म्हणायला माझी जीभ रेटेना.

शेवटी मी त्यांच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, गाठलं. मी हिंदू माणूस. दारात चपला काढायच्या की नाही, इथपासून अडचण.

"बाईंना सांगा, गाडी चालवताना प्रार्थना नको," मी म्हणालो.

"मी असं सांगितलं तर माझी नोकरी जाईल. डोळे उघडे ठेवून केली तर चालेल?"

"पळेल!"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच मागच्या सीटवर येऊन बसले.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "प्रभूशी बोलायला डोळे मिटावेच लागतात असं नाही. भीती वाटली की तशीच सांगा त्याला. तो शेजारीच बसलाय."

"शेजारी मी बसलोय," मी म्हणालो.

"तुमच्याही अलीकडे."

बाई हसल्या. गाडीत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

उतारावर समोरून ट्रक आला. माझा पाय ब्रेकवर तयार. बाईंचे ओठ हलत होते, पण डोळे टक्क उघडे. त्यांनी वेग कमी केला, गिअर उतरवला, गाडी डावीकडे घेतली. मला काहीच करावं लागलं नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "प्रभू, सांभाळ रे!"

मी आरशात पाहिलं. पाळकसाहेबांनी डोळे गच्च मिटले होते.

"पाळकसाहेब, डोळे उघडा!" बाई वर्गातल्या आवाजात ओरडल्या.

पुढच्या टेस्टला बाई पास झाल्या. त्यानंतरच्या रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. मिस्टरांना चर्चला नेऊन सुखरूप आणलं होतं.

"चर्चमधल्या गीताच्या दोन ओळी म्हणाले हो, सर! अडखळत म्हणाले, पण म्हणाले." मग त्यांना हसू आलं. "आणि परत येताना म्हणाले, पाळकांचं प्रवचन फार लांबलं."

माणूस तक्रार करू लागला, म्हणजे नक्की सुधारतोय.

मी एवढंच शिकलो: विद्यार्थी आपलं ऐकत नसेल, तर तो कोणाचं ऐकतो ते शोधावं आणि त्यांचे पाय धरावेत. फक्त त्यांना गाडीत घेऊ नये.