कढईतला बथुआ
भोपळ्याच्या बिया भाजल्याचा वास आला की झाशीच्या रेल्वे क्वार्टरमधली ती दुपार आठवते. बाबांची शुगर काठावर होती आणि डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, “भाभीजी, इन्हें बथुआ खिलाइए, कद्दू के बीज खिलाइए. मॅग्नेशियम मिलेगा, शुगर दूर रहेगी.” त्या दुपारी तिने नखांनी सोललेल्या बिया आणि कढईतला सगळा बथुआ, म्हणजे आपला चाकवत, बाबांच्या ताटात वाढला, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर स्वतः चहात पोळी बुडवून खाल्ली. “तूही खा ना गं,” मी म्हटलं. ती हसली, “मला कुठे शुगर आहे?” तिची शुगर कुणी तपासलीच नाही; कळलं तेव्हा किडन्या गेल्या होत्या. आता बिया बाबाच भाजतात. त्यांचा रिपोर्ट अजूनही नॉर्मल येतो, आणि ते तो न वाचता पालथा घालून ठेवतात.