आत्याच्या लुगड्याची पट्टी
सोड्याच्या पाण्यात उकळणाऱ्या जुन्या कापडाचा वास आला, की मला दौंडचं आमचं भाड्याचं घर आठवतं. मला सातवा महिना होता. मला लहानाची मोठी करणारी आत्या क्षयाच्या दवाखान्यातून बरी होऊन राहू गावी परतली होती आणि मला बघायला येणार होती. आता भीती नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी मी धसका घेतला. ट्रंकेतलं मऊ लुगडं फाडून, चार घड्या घालून मी तोंडावर बांधायची पट्टी शिवली, नाड्या लावल्या, उकळून वाळवली आणि ती बांधूनच दार उघडलं. आत्या उंबऱ्याबाहेरच थांबली. "टीप बारीक घातलीस गं," ती म्हणाली. "पर ह्ये लुगडं म्या बाळाच्या पहिल्या झबल्यासाठी धाडलं व्हतं." ते मला ठाऊक होतं, घरात तेवढं मऊ दुसरं काहीच नव्हतं. मी पाणी दिलं, तर तिनं भांड्याला हात लावला नाही, ओंजळ पुढं केली. मीही वरून पाणी ओतलं. उरलेल्या लुगड्याचं झबलं मी पुढं शिवलं, लेकीला घातलंही. आता ती लेकच आजी झाली आहे; झबलं कुणी दिलं ते तिला सांगितलं, पट्टीचं अजून सांगितलेलं नाही.