राहीबाईच्या कणगीतली पांढरी राख

राहीबाई सरगर पहिल्याच भेटीत मला हसली. साल एकोणीसशे त्र्याहत्तर. मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन जत तालुक्यात ग्रामसेविका म्हणून आले होते आणि येळगुंडीच्या धनगरवस्तीवर बायकांना परसबागेचं महत्त्व सांगत होते. मागच्या बाजूनं तिचा आवाज आला, "बाई, पानी टँकरचं हाय. तुमची कोथमीर पिल का आमी पिऊ?" बायका फिसकन हसल्या. मला राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला. पण त्यानंतर वस्तीवर गेले की मी तिच्याच ओसरीवर बसू लागले.

राहीबाई पन्नाशीची, उंच, नवरा वारलेला. मुलगा दादासो दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, संक्रांतीला चार दिवस घरी येऊन जायचा, मग मृगाच्या तोंडावर परत. घरी ती आणि सून साळूबाई. चार एकर रान, त्यात शाळू. आणि त्या शाळूला किडा कधी लागला नाही, ही राहीबाईची सगळ्या वस्तीत ख्याती. तूरकाट्यांची पुरुषभर उंच कणगी शेणामातीनं लिंपायची, पोत्याला एक घमेलं या मापानं चाळलेली राख दाण्यात घोळायची, वरून लिंबाचा पाला, मग तोंड लिंपून टाकायचं. लागेल तसं काढायचं, सुपात पाखडायचं आणि जात्यावर घालायचं. धुवायचं वगैरे नाही. धुवायला पाणी होतं कुठं? राहिलेली राख भाकरीतून पोटात गेली तर जाऊ दे, राखेनं कोण मरतं! याच कणगीतल्या जुन्या दाण्यावर तिनं बहात्तरच्या दुष्काळात स्वतःचं घर आणि शेजारची दोन घरं जगवली होती.

चौऱ्याहत्तरच्या फाल्गुनात मी वस्तीवर बी.एच.सी.ची पावडर वाटली. किडीचं औषध, नवं, फुकट. मी म्हणाले, "बियाण्याला लावा." एवढंच म्हणाले. कागदावर तेवढंच होतं आणि मला पुढच्या गावची बस गाठायची होती. त्या घरात बियाणं वेगळं नसतं, खायच्या कणगीतूनच टपोरे दाणे निवडून पेरतात, हे मी वर्षभर त्या ओसरीवर बसून पाहिलेलं होतं. पाहिलं होतं, पण बोलताना आठवलं नाही.

बाकीच्या घरांनी पावडर गोठ्यात पिसवांवर उडवली. मन लावून माझं ऐकलं ते एकट्या राहीबाईनं. तिनं राखेच्या जागी ती पांढरी भुकटी घेतली, राखेच्याच मापानं. पोत्याला एक घमेलं.

चैत्रात कणगीवर झोपणारं मांजर मेलं. तोंडाला फेस, पाय ताठ. पान लागलं असेल, साप चावला असेल म्हणून त्याला पुरून टाकलं. भाकरीला कुबट वास येतो असं राहीबाई मला एकदा म्हणाली होती. मी म्हणाले, "औषधाचा असेल. पाखडून घ्या नीट." हे माझे शब्द. दुसऱ्या कुणावर ढकलण्याची सोय नाही.

वैशाख संपता संपता साळूबाई चुलीपुढं पडली. पाच महिन्यांची गरोदर होती. डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपाय झडायला लागले. मी तिथंच होते. राहीबाईनं तिच्या दातांत कांबळ्याचं टोक घातलं आणि तिला कुशीवर वळवलं. दोन मिनिटं असतील, पण संपता संपेनात. तालुक्याच्या दवाखान्यात फेफरं म्हणाले, गोळ्या दिल्या. शेजारचे बाळासो बिरोबाचे पुजारी. ते म्हणाले, "देव रुसलाय. औंदा कोंबडं दिलं न्हाईस तू."

राहीबाईनं कोंबडं दिलं. आठ दिवसांत साळू पुन्हा पडली, मग चार दिवसांनी पुन्हा. पोट आपटलं तर काय होईल या धास्तीनं राहीबाई तिला उभीच राहू देईना. दळण, पाणी, सगळं स्वतः करायची. आणि स्वतः अर्धी भाकरी खाऊन पोटुशी म्हणून सुनेच्या ताटात तीन वाढायची.

"आत्ती, वास येतुया वो," साळू म्हणायची.

"पोटुशीला समद्याचाच वास येतुया. खा गप."

ज्येष्ठात दादासो मेंढरं घेऊन परतला. धट्टाकट्टा, कोकणातल्या नाचणीवर पोसलेला. घरी येऊन नववा दिवस, आणि तो वाड्यात मेंढरं कोंडता कोंडता ताठ होऊन पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी राहीबाई सहा मैल चालत माझ्या खोलीवर आली. पाणी दिलं तर तांब्या तिच्या हातात थडथडत होता. बसली नाही.

"बाई, दादासो सात म्हैनं भाईर हुता, त्येला काय झालं न्हाई. मेंढरं भाईर चरत्यात, त्येंला काय न्हाई. माझ्या हातची भाकरी खाल्ली आन् नवव्या दिसाला पडला. साळूला मी लय खाऊ घातलं, ती लय पडती. मी कमी खाते, माझं हातच कापत्यात." तिनं तांब्या खाली ठेवला. "त्या पांढऱ्या राखंत काय हुतं?"

"काही नाही," मी म्हणाले. "किड्यांसाठी असतं ते."

खोटं असं पटकन येतं तोंडात. नोकरी जाईल, लोक मारतील, पोलीस येतील, एवढ्या सगळ्याला मी त्या एका वाक्यात घाबरले. कोपऱ्यात त्याच पावडरची पिशवी होती. तिच्यावर कवटीचं चित्र होतं. राहीबाईला वाचता येत नव्हतं, पण कवटी बघायला शाळा लागत नाही. वस्तीवर मी पिशव्या फोडून पावडर घमेल्यांनी वाटली होती, हे चित्र तिला दाखवलंच नव्हतं.

तिनं पिशवीजवळ जाऊन कवटीवर बोट ठेवलं.

"विष हाय," मी म्हणाले. "तुम्ही दाण्यात घालाल असं मला वाटलं नाही. मी नीट सांगायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली. मला शिव्या हव्या होत्या. तिनं दिल्या नाहीत. "चला. कनगी रिकामी करायची हाय."

साडेतीन पोती दाणा उरला होता. वस्तीच्या पल्याड, विहिरीपासून लांब, मुरमाचा जुना खड्डा होता तिथं आम्ही तो नेला. दुष्काळ सरून वर्ष झालं नव्हतं. दाणा मातीत घालायचा म्हणजे वस्तीवर आक्रीत. बाळासो काठी टेकत आले.

"आगं, येड लागलं का? बहात्तरात रेशनचा लाल मिलो किड्यासकट खाल्लाय आपन. धुऊन घिऊ की."

"मामा, मांजार मेलं, साळू पडती, दादासो पडला. आजून कुनाला पडल्यालं बघायचंय तुमास्नी?"

"मग मला दे पाटीभर. माझं वय झालंय, मी पडलो तर पडलो."

कुणीतरी हसलं. राहीबाई हसली नाही. पाठ फिरली की हा म्हातारा, नाही तर दुसरं कुणी, येऊन दाणा उकरणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं दोन घमेली शेणकाला आणला, वर ओतला आणि फावड्यानं दाणा न् शेण एक करून टाकलं. मग मुरूम लोटला. तेवढं करताना तिला तीनदा बसावं लागलं.

त्यानंतर ज्या दोन घरांना तिनं जगवलं होतं, त्यांच्या दारात ती पीठ मागायला गेली. दिलं त्यांनी. पण ती दारातच उभी राहायची, आत जायची नाही.

झटके लांबत गेले, मग थांबले. दादासोचे लवकर, साळूचे भाद्रपदापर्यंत रेंगाळले. अश्विनात साळू बाळंत झाली. मुलगी. नीट रडली, हातपाय नीट होते. मी रजा टाकून गेले होते. राहीबाई बाळाजवळून हलत नव्हती. बाळाला उचकी लागली, झोपेत ओठ हलला तरी ती झटका तर नाही ना म्हणून वाकून बघायची.

दुसऱ्या दिवशी साळूला दूध आलं. राहीबाईनं बाळ तिच्या मांडीवर दिलं नाही. माझ्याकडं वळली.

"बाई, तुमी शिकल्यात. सुनंनं इतकं दिस खाल्लंय ते. तिच्या दुधात आसंल का?"

"असेल" म्हणावं तर पुरावा नाही, "नसेल" म्हणावं तर एकदा तसंच म्हणून बसले होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. बाळाला माझ्या हातात दिलं आणि वाड्यात गेली. दादासोबरोबर कोकणातून आलेली, बाहेरच चरलेली एक शेळी होती, तिला खुंट्याला बांधून धार काढायला बसली. आत साळू भिंतीकडं तोंड करून पडली होती. चोळी भिजली होती. बाळ रडत होतं आणि मी त्याला हलवत उभी होते. बाहेर शेळीचं दूध वाटीत पडल्याचा आवाज येऊ लागला.