जनमत आणि चमचाभर साखर

आमच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीत माझी बायको एका मताने पडली. वाचायला हे साधं वाटतं, पण त्या रविवारी लंडनमधल्या हाउन्सलोच्या चर्चच्या हॉलमध्ये मी खुर्चीवर बसलेला होतो म्हणून बरं, उभा असतो तर मटकन खालीच बसलो असतो. ती पडणं शक्यच नव्हतं. आणि हे काही मी नवरा म्हणून म्हणत नव्हतो. निवडणुकीत कोण येणार हे आधी सांगणं, हाच माझा पोटापाण्याचा धंदा होता.

धंदा तसा विचित्रच. मी मूळचा पुण्याचा, राहायला हाउन्सलोत. रोज सकाळी फेल्टमहून ट्रेन पकडून ब्रॅकनेलला जायचो आणि तिथल्या ऑफिसात बसून अमेरिकेतल्या राज्यांचे गव्हर्नर आणि सेनेटर कोण होणार ते काढायचो. आमची कंपनी इंटरनेटवरून जनमत चाचण्या घ्यायची आणि तिकडची वर्तमानपत्रं, टीव्ही चॅनेल त्या विकत घ्यायची. ज्या राज्यांत मी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं, तिथल्या म्हाताऱ्या बायकांना टॅक्सबद्दल काय वाटतं, तरुण पोरं मतदानाला जाणार की घरी लोळत पडणार, हे मला ठाऊक असायचं. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मात्र बायकोला विचारावं लागायचं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तेच काम. फक्त सगळी शितं पातेल्याच्या एकाच कोपऱ्यातली उचलली गेली नाहीत ना, एवढं बघायचं. शिकलेले लोक जास्त आले की त्यांचं वजन कमी करायचं, म्हातारे कमी आले की त्यांचं वाढवायचं. मला हे फार आवडायचं. माणसं खोटं बोलतात, वजन केलेले आकडे बोलत नाहीत, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी कुणालाही, न विचारता, ऐकवत असे.

माझी बॉस रेडिंगची एक इंग्लिश बाई होती. तिचं म्हणणं वेगळं. ती म्हणायची, आकडा एकदा छापला की तो नुसता आकडा राहत नाही. अमका गव्हर्नर फार पुढे आहे असं वाचलं की त्याचीच माणसं पावसात मतदानाला जायचा कंटाळा करतात. मी तिला म्हणायचो, "थर्मामीटर लावल्याने कुणाला ताप येतो का?" ती हसायची आणि म्हणायची, "माणूस म्हणजे नुसती काख नव्हे." मला हे उत्तर पोरकट वाटायचं.

आता बायकोकडे येतो. ती पुण्यात एका शाळेत मराठी शिकवायची. नुसती शिकवायची असं म्हणणं तिच्यावर अन्याय आहे, शाळेतून घरी आली तरी शाळेतच असायची. इथे आल्यावर मराठीच्या शिक्षिकेला कोण विचारतंय? ती हीथ्रोवर परफ्यूमच्या दुकानात उभी राहायला लागली. तक्रार कधी केली नाही. पण आमची सात वर्षांची मुलगी "आई, माझा पुस्तक कुठे गेली?" असं म्हणाली की हिला किती लागतंय ते चेहऱ्यावर मला दिसायचं. तिच्या मनात एकच होतं. मंडळाच्या हॉलमध्ये दर शनिवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवायचा. तिला पुन्हा फळ्यासमोर उभं राहायचं होतं.

मंडळ म्हणजे काका. काका साठच्या दशकात इथे आलेले, सगळी नोकरी विमानतळावर झालेली, मंडळ त्यांनीच काढलं आणि तेव्हापासून तेच अध्यक्ष, दर वर्षी बिनविरोध. माणूस सोन्यासारखा. आम्ही पहिल्यांदा उतरलो तेव्हा आम्हाला घ्यायला काका आले होते, आणि पहिलं जेवण काकूंच्या हातचं. पण नवीन काही काढलं की काका मान डोलवून म्हणायचे, "बघू, पुढच्या वर्षी." वर्गाचं हे 'बघू' तीन वर्षं चाललं होतं. शेवटी एका संध्याकाळी बायको परफ्यूमच्या दुकानातून आली, बूटसुद्धा काढले नाहीत आणि म्हणाली, "मी उभी राहते अध्यक्षपदाला." मी उडालोच. पण मंडळ माझ्यापेक्षा जास्त उडालं. आपल्या मंडळात निवडणूक? मतं टाकून? काकांच्या विरोधात?

काकू मात्र नेहमीसारख्याच राहिल्या. काकूंकडून आमच्याकडे डबे यायचे, कधी आमटी, कधी वड्या. बायको डबा घासून पुसून परत पाठवायची आणि पाठवताना त्यात काहीतरी घालायचीच. घरात काही नसेल तर चमचाभर साखर. रिकामा डबा परत करायचा नाही, हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, आणि मला वाटतं सगळ्याच आयांनी सगळ्यांना शिकवलं होतं. मी कधी त्याकडे लक्ष दिलं नाही. साखर घातलीस का, असं कधी विचारलंही नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमाला सगळे एकत्र आले. माझे हात शिवशिवायला लागले. तोंडावर विचारलं तर आपली माणसं हो-हो म्हणतात हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी नाव न लिहायच्या चिठ्ठ्या वाटल्या. हॉलच्या दाराशी चॉकलेटचा मोठा डबा ठेवला, त्याच्या झाकणाला फट पाडली आणि सगळ्यांना घडी घालून चिठ्ठी टाकायला लावली. साउथहॅम्प्टनहून येणारा डॉक्टर म्हणाला, "अरे, एक्झिट पोल इज बिफोर द इलेक्शन! ग्रेट!" बायको आत किचनमध्ये फराळाच्या ताटल्या भरत होती. तिची चिठ्ठी मीच भरून टाकली.

घरी जाऊन मोजलं. बायको इतकी पुढे होती की मला वजनं लावायचीसुद्धा गरज पडली नाही. जुन्या मंडळींनीही तिलाच दिलं होतं. पोरांना मराठी यावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, फक्त काकांना सांगायची कुणाची छाती नव्हती. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या हाउन्सलोला मी फोन करून सांगितलं की काका साफ आपटणार. हे मी काकूंसमोरसुद्धा बोललो, त्यांच्याच घरी, त्यांनीच दिलेला चहा पीत. काकू फक्त म्हणाल्या, "असं का? बरं." बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं चुकून लागला.

मग अमेरिकेतल्या मतदानाचा मंगळवार आला. एका राज्यात आमचा उमेदवार, म्हणजे आमच्या आकड्यांत पुढे असलेला सेनेटर, आरामात येणार होता आणि तो पडला. बुधवारी सकाळी ब्रॅकनेलच्या ऑफिसात बॉस म्हणाली की त्याच्या लोकांना वाटलं हा येतोच आहे, म्हणून ते घरीच राहिले. मला ते पटलं नाही. सॅम्पल चुकलं असणार, मी म्हटलं, कुठल्यातरी कोपऱ्यातली शितं राहून गेली असणार. तरी संध्याकाळी घरी येऊन मी बायकोच्या चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. तितक्याच भरल्या. निर्धास्त झालो.

रविवारी मतदान झालं. तोच चॉकलेटचा डबा, तीच माणसं, पाऊस नाही, कुणी घरी राहिलं नाही. बायकोनं ठेवणीतली साडी नेसली होती, आणि पर्समध्ये तिनं वर्गासाठी आणलेली खडूची पेटी होती, हे मला माहीत होतं. डॉक्टर चिठ्ठ्या उघडून वाचायला लागला. काका. काका. ती. काका. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. मी बोटांवर मोजत होतो. शेवटची चिठ्ठी काकांची निघाली.

कुणी टाळ्या वाजवेना. काका स्वतः उठले, त्यांचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं होतं, मला माझं एकट्याचंच मत पडेल," ते म्हणाले. "तुमचं प्रेम आज कळलं." मग बायकोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वर्गाचं बघू हं पोरी, पुढच्या वर्षी." मुलीनं माझी बाही ओढली. "बाबा, आई जिंकला ना?"

घरी आल्यावर माझं डोकं फिरलं होतं. मी लॅपटॉप उघडून बसलो. गद्दार लोक, तोंडावर एक आणि पाठीमागे एक! चिठ्ठ्या निनावी होत्या तरी खोटं लिहिलं? इतक्यात मित्राचा फोन आला, आमच्याच गल्लीतला, नागपूरचा. त्याचा आवाज पडलेला होता. "सॉरी यार. मी काकांना दिलं. आय थॉट शी वॉज माइल्स अहेड. म्हटलं, बिचाऱ्याची अगदीच शोभा नको. वन व्होटने काय होतंय?" त्याच्या बायकोनंही तेच केलं होतं. दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं.

मी फोन ठेवला. म्हणजे माझ्या चिठ्ठ्या खोट्या नव्हत्या. त्या खऱ्या होत्या आणि मी त्या गावभर वाचून दाखवल्या होत्या. थर्मामीटरनं ताप आणला होता.

"ऐकलंस का?" मी ओरडलो. "सगळ्यांनी दया दाखवली! अगं, एका मतानं गेलं! एकानं, फक्त एकानं जरी शहाणपणा केला असता तरी तू आली असतीस. कोण असेल तो एक?"

ती सिंकपाशी उभी होती, साडी अजून तीच. "मी," ती म्हणाली.

"मी काय?"

"मी काकांना दिलं मत."

मला आधी वाटलं चिडून बोलतेय. तिनं नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्याकडे वळली. "तूच सांगत होतास ना, मी सहज येतेय म्हणून? काकूंच्या तोंडावर सांगितलंस. त्यांचा चेहरा मी बघितला, तू नाही बघितलास. चिठ्ठी हातात घेतली आणि वाटलं, ज्या माणसानं आपल्याला एअरपोर्टवरून घरी आणलं, त्याला काय रिकाम्या हातानं पाठवायचं? मी तर येणारच होते. म्हटलं, चमचाभर साखर घालू. बाकीच्यांनी तेच केलं. त्यांच्याही आयांनी तेच शिकवलंय."

"पण तू?" मी लॅपटॉप मिटला. "तुझं मत तर मी धरलंच होतं!"

"हो. धरलं होतंस," ती म्हणाली. "विचारलं नव्हतंस."

मग ती खुर्चीवर बसली आणि रडली. मी तिला इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं, तिचे वडील गेले तेव्हासुद्धा नाही. "मला तो वर्ग हवा होता रे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मुलगी येऊन तिच्या मांडीला चिकटून बसली. अमेरिकेतल्या कुठल्या बाईला काय वाटतं ते मला ठाऊक होतं, आणि माझ्या घरातल्या बाईचं मत मी स्वतःच्या हातानं लिहून डब्यात टाकलं होतं. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. आणखी काय काय मी असंच धरून चाललो होतो?

सोमवारी मी बॉसला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "आता काखेचं पटलं?" असंही म्हणाली नाही. फक्त विचारलं, "बायको कशी आहे?"

त्याच आठवड्यात काकूंचा डबा आला. बेसनाचे लाडू, काका निवडून आले म्हणून. आम्ही ते खाल्ले, लाडू नेहमीसारखेच उत्तम होते. शनिवारी मी काकांच्या घरावरून जाणार होतो, तेव्हा बायकोनं डबा माझ्या हातात दिला. हलका लागला. मी झाकण उघडलं. आतून घासून पुसून लख्ख, आणि काहीही नाही.

या वेळी मी विचारलं. "अगं, साखर?"

साखरेची बरणी ओट्यावरच होती, गळ्यापर्यंत भरलेली. तिनं बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आधीच घातलीय," ती म्हणाली. "तसाच दे."