ब्लडी

टीव्हीवरच्या गोऱ्या आचाऱ्यामागोमाग नात ओरडली, "ब्लडी गुड!" मी दटावलं तर सून हसली. "अहो आई, ती काही शिवी नाही. तिकडे आज्यासुद्धा म्हणतात." माझ्या तोंडात साबणाची चव आली.

लहानपणी नवीन पनवेलच्या शाळेत पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून मी तोच शब्द बोलले होते. "कोळ्यांच्यात हेच शिकवतात!" म्हणत बाईंनी नळाखाली माझ्या जिभेवर साबण घासला.

दुसऱ्या दिवशी आई माफी मागायला आली. अशा वेळी आमच्यात रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून तिने विकायची सोडून दोन मोठी पापलेटं आणली. "बाई, आमी घरात असं बोलत नाय."

"लांब उभ्या राहा, वास येतो," म्हणत बाईंनी पिशवी चिमटीत घेतली, बाकाखाली ठेवली आणि हात धुतले.

साबण तोच होता.