दोन दिवस की तीन

यादी करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. पनवेलहून निघण्याआधीच क्रोएशियाच्या दहा दिवसांचा कागद तयार होता. कुठलं गाव, काय पाहायचं, किती वेळ, गोळ्या कोणत्या पिशवीत, चिवडा कोणत्या. सहाव्या दिवसापुढे लिहिलं होतं : जुनी मिठागरं, वीस मिनिटं. तटबंदी, दोन तास. मिठागरं तटाच्या पायथ्याशी होती, वाटेतच पडत होती, म्हणून घेतली होती.

माझ्या सासूबाई मिठागरवाल्यांच्या. उरणच्या बाजूला त्यांच्या वडिलांचं आगर होतं आणि लग्न होईपर्यंत त्या तिथे राबल्या. आता तिथे भराव घालून कंटेनरची गोदामं झाली आहेत. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी वीस मिनिटं लिहिताना ते मनात आलं नाही.

पहिले पाच दिवस त्यांनी काहीच मागितलं नाही. राजवाडे, चर्च, फरसबंद गल्ल्या, सगळीकडे माझ्यामागून चालल्या. "लई जुनं हाय ना?" एवढंच विचारायच्या, आणि मी शतक सांगायचे.

मिठागराच्या फाटकातून आत गेल्यावर मात्र त्या माझ्या पुढे गेल्या. दगडी तळाचे चौकोनी वाफे, मधून अरुंद बांध, वर ऊन. हे, म्हणजे माझे यजमान, तटावर वाट दाखवणाऱ्या गाईडला गाठायला आधीच गेले होते. अकराची वेळ ठरली होती. मी माहितीचा फलक वाचून काढला, फोटो घेतला आणि वळून पाहते तो सासूबाईंनी बूट काढून एका कडेला नीट जोडून ठेवलेले, साडी जरा वर खोचलेली, आणि त्या अनवाणी बांधावरून आत निघालेल्या.

"आई, अहो, बूट! इथे असं चालत नाही."

"वाफ्याशी पायतान घालून जायचं नसतं, बाय," त्या मागे न बघता म्हणाल्या.

एका वाफ्यापाशी त्या बसल्या, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मी धावत गेले आणि त्यांना दंडाला धरून उठवू लागले. तेवढ्यात शिट्टी वाजली. तिथे काम करणारी एक बाई, वयाने सासूबाईंच्या जवळपासची, गमबूट नाही, चप्पल नाही, हात हलवत आमच्याकडे येत होती.

मी ती पोचायच्या आत इंग्रजीत सुरू केलं. सॉरी, या म्हाताऱ्या आहेत, खेड्यातल्या आहेत, यांना कळत नाही.

बाईने माझं ऐकून घेतलं आणि माझ्या पायांकडे बोट दाखवलं. माझे बूट बांधावरून घसरून वाफ्याच्या काठावर आले होते आणि पांढऱ्या थरावर मातीचे दोन ठसे उमटले होते. शिट्टी माझ्यासाठी होती. सासूबाईंच्या अनवाणी पायांकडे बघून ती बाई हसली.

मी मागे सरले, बूट काढायला वाकले. तोवर त्या दोघींचं सुरू झालं होतं. एकीला मराठी, दुसरीला तिची भाषा. सासूबाईंनी पाण्याकडे बोट दाखवून दोन बोटं वर केली. बाईने मान हलवली आणि तीन केली. सासूबाईंनी पुन्हा बोट चाटलं आणि ठामपणे दोनच दाखवली. दोघी हसल्या. त्या वाफ्यातलं मीठ ओढण्याजोगं व्हायला किती दिवस, याची ती घासाघीस होती.

मग बाईने शेजारच्या तयार वाफ्याकडे नेलं आणि हातातली लांब दांड्याची फळी त्यांच्यापुढे धरली. सासूबाईंनी ती घेतली. पाय जरा फाकवून उभ्या राहिल्या आणि ओढलं. घरात गुडघ्याला हात लावून उठणारी ही बाई, पण फळी अशी सरळ आली की मीठ एका रेषेत गोळा झालं. दुसऱ्यांदा ओढलं. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"कुठे आहात? गाईड आलाय," हे म्हणाले.

"आई, चला. उशीर होतोय," मी म्हणाले. "मिठागरंच बघायची होती तर उरणलाच गेलो असतो."

त्यांनी फळी परत दिली. बाईने अजून ओढा अशी खूण केली, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून नकाराची मान हलवली. दोन तास त्या तटाच्या पायऱ्या कठड्याला धरून चढल्या.

परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, "काय काय पाहिलंत मावशी?"

"भिंती," त्या म्हणाल्या. "सुनेनं सगलं टायमात दाकवलं."

शेजारणींना ते कौतुक वाटलं. मला नाही. चार दिवस मी बोलायचं ठरवत होते. शेवटी भाजी निवडताना म्हणाले, "आई, त्या मिठागरात मी तुमच्याबद्दल इंग्रजीत जे बोलले ना..."

"कललं मला. सॉरी कललं, व्हिलेज पन कललं. टीव्ही बगते ना मी." त्यांनी मेथीची काडी मोडली. "गावची हायच मी. त्यात सॉरी कशाला?"

चुकलं एवढंच म्हणाले, तेही इतक्या हळू की त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

मेथीची जुडी संपत आली तेव्हा त्याच म्हणाल्या, "तिला तीन दिस वाटत व्हते. मला दोन. कोन बरोबर ते बगायला पायजे व्हतं."

मी कपाटातून कागद काढून पाहिला. मिठागरानंतरच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे नवव्या दिवशीही आम्ही त्या गावापासून तासाभराच्याच अंतरावर होतो. त्या दुपारपुढे मी लिहिलं होतं : मोकळा वेळ, खरेदी.