झिपरीचा गुंता

लांब केसांची आमची मांजर झिपरी कंगवा दिसला की गुरगुरते. तरी तिला मांडीत दाबून मी पोटाखालचा गुंता सोडवत होते.

“दिवेलागणीला केस विंचरू नयेत म्हणतेस ना?” नवरा म्हणाला.

“माणसांचे.”

नोकरीसाठी परगावी गेलेली लेक सकाळीच म्हणाली होती, “आई, सारखा फोन करू नकोस.” तेव्हापासून हाताला चैन नव्हतं.

बोचकारून झिपरी सुटली आणि टेबलाखाली बसून, मी विंचरलेले केस चाटून आपल्या मनासारखे बसवू लागली. मी घातलेल्या घट्ट वेण्या लेकही लहानपणी शाळेच्या वाटेवर अशाच सोडून पुन्हा घालत असणार. संध्याकाळी त्या सैल दिसायच्या. खेळून सुटल्या असतील, असं समजून दुसऱ्या दिवशी मी आणखी घट्ट घालायचे.

कंगवा ठेवला. झिपरी माझ्या रिकाम्या हातावर नजर ठेवून होती.